विषाणूची वाट आणि मजुरीची वाट

साथ रोखण्याचं गणित तसं सोपं आहे. एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो तो आकडा एकच्या खाली आणायचा, की साथ ओसरते. २०२० साली आलेल्या मूळ कोरोना विषाणूसाठी हा आकडा साधारण २ ते ३ असावा असा अंदाज होता. २.५ धरला, तर माणसामाणसांतल्या भेटीगाठी ६० टक्क्यांहून जास्त कमी करायला हव्यात. तेव्हा लस नव्हती, हातातला मुख्य उपाय हाच होता. गणित चुकलेलं नव्हतं. फक्त त्यात सगळ्या भेटी सारख्या धरल्या होत्या. कुठल्या भेटीवर घराची चूल पेटते, याचा रकानाच नव्हता.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या बिडी कामगार बाईचं उदाहरण घ्या. ती कारखान्यात बसून बिड्या वळत नाही, घरीच वळते. तेंदूची पानं भिजवायची, मापाला कापायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची आणि दोरा गुंडाळायचा. ‘वर्क फ्रॉम होम’चं कौतुक पुण्याच्या आयटीवाल्यांना, इथल्या हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आल्या आहेत! मग २५ मार्च २०२० ला देश बंद झाला तेव्हा त्यांचे हात का थांबले? कारण पानं आणि तंबाखू कारखान्यातून आणावी लागते आणि वळलेला माल तिथेच नेऊन द्यावा लागतो. तिथला माणूस बिड्या तपासतो, खराब निघालेल्या बाजूला काढतो आणि उरलेल्यांची दर हजार बिड्यांमागे मजुरी लावतो. अख्ख्या कामात गर्दीची पायरी काय ती ही एवढीच. माणसांच्या संपर्काच्या जाळ्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ अशा गाठींवर नेमकं बोट ठेवतात: शेकडो घरांचे धागे जिथे एकत्र येतात, तिथून विषाणू झपाट्याने पसरतो. पण मजुरीही तिथूनच घरोघरी जाते. गाठ तोडली की दोन्ही थांबतात.

आणि घरात बसून धोका तरी किती टळला? एका खोलीत पाच-सहा माणसं, खिडकी असली तर असली. बंद जागेत तासन्‌तास शेजारी बसलेल्यांत लागण व्हायची शक्यता रस्त्यातल्या ओझरत्या भेटीपेक्षा कितीतरी जास्त असते. त्यामुळे दाट वस्तीला टाळेबंदीचा फायदा कमी मिळाला आणि किंमत मात्र जास्त मोजावी लागली, असं माझं स्पष्ट मत आहे. जुलैत शहरात पुन्हा कडक टाळेबंदी लागली, तेव्हाही हिशोब हाच.

यंत्रमागाचं दुखणं जरा वेगळं. मागावर अर्धी विणलेली चादर, बीमवर ताणलेलं सूत, सगळं जागच्या जागी थांबलं. गोदामातली चादर नासत नाही, बाजार उघडला की विकता येते. मालकाचा पैसा अडकतो, उधारी लांबते, पण माल हातात असतो. विणकराची मजुरी मात्र नगावर. जो दिवस माग चालला नाही, त्या दिवसाची मजुरी पुढे कधीच मिळत नाही.

पंढरपुरात तर मालाचंही तेच झालं. २०२० ची आषाढी १ जुलैला आली आणि पालख्यांऐवजी पादुका एसटीने पंढरीला पोचल्या. चुरमुरे, बुक्का, तुळशीच्या माळा विकणाऱ्यांची वर्षाची कमाई चार वाऱ्यांवर. त्यातली चैत्री आधीच गेली होती, आषाढी गेली, आणि कार्तिकीलाही संचारबंदी होती. राहून गेलेला प्रसाद पुढच्या वर्षी कुणी दुप्पट घेत नाही.

सरकारी मदत आली नाही असं नाही. रेशनवर माणशी महिना ५ किलो धान्य फुकट मिळालं, आणि त्या धान्याने खरोखर तारलं. महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये आले. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिने कर्जाच्या हप्त्यांना स्थगिती द्यायची मुभा बँकांना दिली. स्थगिती हप्त्याला होती, व्याजाला नाही. समजा एखादीवर ३०,००० रुपयांचं कर्ज आहे, व्याज वर्षाला २४ टक्के. महिन्याला ६०० रुपये, सहा महिन्यांचे ३,६०० तिच्या डोक्यावर चढले. जनधन खात्यात आले होते एकूण १,५००.