सोबतच्या सॉफ्टवेअरचे जतन (ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना)

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम वरच्या आवृत्तीवर नेताना, तिच्याबरोबर किंवा यंत्राबरोबर आलेली अॅप्लिकेशने चालू स्थितीत पुढे नेण्याची प्रक्रिया. अशी अॅप्लिकेशने दोन प्रकारची असतात : वर्डपॅड, पेंट यांसारखी सिस्टिमचाच भाग असलेली आणि यंत्राच्या उत्पादकाने कारखान्यातच घालून दिलेली. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात विक्रेत्याने घालून दिलेले मराठी-कन्नड टंकलेखनाचे सॉफ्टवेअर व फॉन्टही ग्राहक ‘संगणकासोबत आलेले’ समजतो. काटेकोर व्याख्येत ते बसत नसले, तरी प्रत्यक्ष अडचणी बहुतेक त्यांच्याच असल्याने त्यांचा विचार येथे केला आहे.

यंत्रासोबत सॉफ्टवेअर देण्याच्या प्रथेचा आरंभ कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. १९६० च्या दशकात आयबीएम ही अमेरिकी संगणक-कंपनी सॉफ्टवेअरची किंमत सहसा वेगळी लावत नसे. २३ जून १९६९ रोजी तिने ती वेगळी करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकी न्याय खात्याने भरलेला मक्तेदारीविरोधी खटला हे यामागचे कारण होते, असे एक मत आहे. सॉफ्टवेअरनिर्मितीचा वाढता खर्च यंत्राच्या किमतीत सामावेनासा झाला होता, हे दुसरे. कंपनीतील विचारविनिमय खटल्याच्या आधीपासूनचा असल्याने दुसरे मत सहज बाजूला सारता येत नाही. मात्र मेनफ्रेमच्या (मोठ्या संस्थांत वापरल्या जाणाऱ्या अवाढव्य संगणकाच्या) ग्राहकापुढे जतनाचा प्रश्न आजच्या स्वरूपात नव्हता. त्यामुळे वर्डस्टार (लेखनासाठी) व सुपरकॅल्क (आकडेमोडीच्या तक्त्यांसाठी) यांसह विकल्या गेलेल्या ऑस्बोर्न-१ (१९८१) या संगणकापासून किंवा मॅकराइट व मॅकपेंटसह आलेल्या मॅकिंटॉशपासून (१९८४) हा इतिहास सुरू करणे अधिक सयुक्तिक दिसते.

विंडोजची नवी आवृत्ती जुनीवरच चढवताना जुन्या सिस्टिमच्या फाइली ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात हलवल्या जातात, नवी सिस्टिम तयार प्रतिमेतून (संपूर्ण सिस्टिमच्या आयत्या प्रतीतून) मांडली जाते आणि स्वतंत्रपणे बसवलेली अॅप्लिकेशने त्यांच्या नोंदींसह तिच्यात आणली जातात. सिस्टिमचे स्वतःचे घटक मात्र आणले जात नाहीत. नव्या प्रतिमेत जे असेल तेच मिळते. म्हणूनच विंडोज ७ मधील पत्त्यांचे खेळ विंडोज ८ मध्ये उरले नाहीत, मीडिया सेंटर विंडोज १० मध्ये संपले आणि वर्डपॅड विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीतून वगळले गेले. उत्पादकाने घातलेली अॅप्लिकेशने स्वतंत्रपणे बसवलेल्यांच्या वर्गातली असल्याने सहसा टिकतात. परंतु ‘फॉरमॅट मारून’ नवी सिस्टिम टाकल्यास तीही जातात. ३२-बिट विंडोजवरून (जुन्या धाटणीच्या प्रोसेसरसाठीच्या) ६४-बिटवर जाताना अॅप्लिकेशने राखण्याचा पर्यायच नसतो. सिस्टिमची मूळ भाषा अमेरिकी इंग्रजी आणि नवी प्रत ब्रिटिश इंग्रजीची असली, तरीही तो पर्याय निवडता येत नाही. एवढ्याशा फरकामुळे सगळे पुन्हा बसवावे लागते, याची कल्पना दुकानदारालाही अनेकदा नसते.

अॅपलच्या मॅकओएस कॅटलिनाने (२०१९) ३२-बिट अॅप्लिकेशने चालवणे बंद केले. उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आवृत्ती बदलताना बाहेरील पॅकेज-भांडारे (जेथून सॉफ्टवेअर उतरवले जाते ती ठिकाणे) तात्पुरती निष्क्रिय केली जातात.

सीमाभागात एकाच अर्जावर, पत्रकावर किंवा पतसंस्थेच्या अहवालात देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्या येत असल्याने खेळ गेले याचे कोणाला फारसे वाटत नाही, फॉन्ट गेला की काम अडते. विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २००० पासून, तर कन्नडची एक्सपीपासून (२००१) आली. मंगल व तुंगा हे त्यांचे फॉन्ट पुढील आवृत्त्यांत गृहीतच धरले जात. विंडोज १० मध्ये ते ऐच्छिक पूरक फॉन्टांत गेले. भाषांच्या यादीत केवळ मराठी असलेल्या संगणकाला मंगल मिळतो, तुंगा मिळत नाही. अशा वेळी निर्मला हा दोन्ही लिप्यांचा फॉन्ट जागा भरून काढतो, त्यामुळे मजकूर वाचता येतो. मात्र अक्षरांची रुंदी बदलते, तक्त्यातील ओळी खाली सरकतात आणि एका पानाचे पत्रक दुसऱ्या पानावर जाते. सेटिंगमधून कन्नडचे पूरक फॉन्ट जोडल्यास मूळ मांडणी परत मिळते.

श्री-लिपी, आकृती किंवा नुडी या भारतीय लिप्यांच्या टंकलेखन-सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडपूर्व (प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या युनिकोड पद्धतीच्या आधीच्या) फॉन्टांत केलेल्या फाइलींची गोष्ट वेगळी आहे. त्यांत अक्षराची ओळख फॉन्टवरच अवलंबून असल्याने फॉन्ट नसताना लग्नपत्रिकेतील मजकुराच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे उमटतात. मजकूर नष्ट झालेला नसतो. फॉन्ट पुन्हा बसवला की तो जसाच्या तसा दिसतो, आणि ‘विंडोज.ओल्ड’ पुसले गेले नसेल तर फॉन्टची फाइल तेथूनही काढता येते. विंडोज १० व ११ मध्ये हे फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसले जाते. हार्डवेअर-कुलुपावर (संगणकाला जोडून ठेवाव्या लागणाऱ्या छोट्या उपकरणावर) चालणारे टंकलेखनाचे सॉफ्टवेअर टिकूनही कुलुपाचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्राम) नव्या सिस्टिमला जुळत नसल्यास उघडत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची सोय) लागत असल्याने डीटीपीच्या (छपाईसाठी मजकूर मांडण्याच्या) अनेक जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे वरची आवृत्ती चढवता येत नाही, आणि तेथे फॉन्ट, कुलूप व फाइली नव्या यंत्रावर हलवणे हाच मार्ग राहतो.