दोन दोऱ्या, निम्मा-निम्मा भार?

‘माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांनी सजवलेली चौकट) दोन दोऱ्यांनी टांगली की प्रत्येकीवर निम्माच भार’ हा समज दोऱ्या अगदी उभ्या असतील तरच खरा.

समजा माटोळी २० किलोची, दोन्ही दोऱ्या सारख्याच तिरक्या. ताणाचे दोन घटक पाडा. आडवे घटक समोरासमोर, म्हणून एकमेकांना रद्द करतात; वजन पेलतात फक्त उभे घटक, प्रत्येकी १० किलो. कोनमापक नको, टेपच पुरे: ताण = १० × दोरीची लांबी ÷ तिची उभी उंची. १०० सेंमी दोरी ५० सेंमी चढत असेल तर ताण २० किलो, म्हणजे एकेका दोरीवर अख्ख्या माटोळीएवढा! २० सेंमीच चढली तर ५० किलो. दोरी ‘घट्ट, आडवी’ बांधली की तुटते ती यामुळेच.

पडताळायला एका दोरीत स्प्रिंगचा वजनकाटा अडकवा. आधी मात्र हलक्या पिशवीवर.