गायक उजव्या कोपऱ्यात का जाऊन बसतो?

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या, एकूण वजन साडेतीन टनांपेक्षा जास्त असलेल्या मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. उकाडा, चालकाची झोप, डिझेलचा खप यावर बरंच बोललं गेलं. एक परिणाम मात्र कुणाच्या ध्यानात आला नाही. काचा बंद झाल्या की वारा आणि बाहेरचे हॉर्न निम्म्याहून जास्त गप्प होतात, आणि इतके दिवस त्या गोंगाटाखाली झाकलेला केबिनमधल्या स्पीकरांचा वाईट आवाज उघडा पडतो.

मग चालक ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जातो आणि 'बेस वाढवा' म्हणतो. इथंच पहिली चूक होते. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन 1500 आरपीएमवर सेकंदाला 75 स्फोट करतं, म्हणजे 75 हर्ट्झची घरघर केबिनमध्ये अखंड चालू असते. ढोलकीचा धुम्मा आणि बेस गिटार त्याच पट्ट्यात येतात. तिथं इंजिनाशी कुस्ती खेळण्यात अर्थ नाही. शब्द समजतात ते मुख्यतः 1000 ते 4000 हर्ट्झमध्ये, आणि दारात गुडघ्याखाली बसवलेल्या स्पीकरचा नेमका हाच भाग सीट, पाय आणि चादरी खाऊन टाकतात. म्हणून सबवूफरच्या आधी डॅशबोर्डच्या दोन कोपऱ्यांत साडेतीन किंवा चार इंची स्पीकरची जोडी बसवावी. ती कानाच्या जवळपास उंचीला असते आणि मध्ये काही आडवं येत नाही.

जोडी बसली की पुढची तक्रार ठरलेली: गाणारा समोर न येता उजव्या कोपऱ्यातच बसून राहतो. बॅलन्सचं बटण डावीकडे फिरवलं तरी तो हलत नाही, फक्त आवाज फिसकटतो. 'उजवा स्पीकर जवळ म्हणून मोठा, डावा लांब म्हणून बारीक, सारखे केले की झालं' ही समजूत निम्मीच खरी आहे. उरलेली निम्मी गोष्ट वेळेची आहे.

दोन मीटर रुंद केबिन घेऊ. चालकाचं डोकं उजव्या भिंतीपासून अर्धा मीटर. डॅशच्या कोपऱ्यांतले स्पीकर डोक्याच्या 80 सेंटिमीटर पुढे, 40 सेंटिमीटर खाली आणि भिंतीपासून 10 सेंटिमीटर आत. पायथागोरस लावला तर उजवा स्पीकर कानापासून सुमारे 98 सेंटिमीटर, डावा 166. फरक 68 सेंटिमीटर. एसीतल्या हवेत ध्वनी मिलिसेकंदाला साधारण साडेचौतीस सेंटिमीटर जातो, म्हणजे डाव्या स्पीकरचा आवाज जवळजवळ 2 मिलिसेकंद उशिरा पोचतो.

दोन मिलिसेकंद म्हणजे काय, असं वाटेल. कानाच्या हिशेबात ते खूप आहेत. आपल्या दोन कानांतलं अंतर एवढं कमी की आवाज थेट बाजूने आला तरी लांबच्या कानाला तो जेमतेम 0.65 मिलिसेकंद उशिरा मिळतो. दिशेचा सगळा जमाखर्च मेंदू एवढ्याशा फरकावर करतो, आणि चांगल्या परिस्थितीत मिलिसेकंदाचा शंभरावा भागही ओळखतो. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी 1907 मध्ये याची वाटणी मांडली: सुमारे 1500 हर्ट्झच्या खाली कान मुख्यतः वेळेचा फरक वापरतो, त्याच्या वर डोक्याच्या सावलीमुळे पडणारा तीव्रतेचा फरक. कारण सोपं आहे. वरच्या सुरांत लहर इतकी आखूड होते की दोन कानांत नेमकी कुठली लहर पुढे आणि कुठली मागे, हेच ठरत नाही.

हा फरक मेंदू मोजतो कसा? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉइड जेफ्रेस यांनी 1948 मध्ये एक देखणी कल्पना सुचवली. दोन कानांकडून येणारे संदेश समोरासमोरच्या तंतूंवरून धावतात, वाटेत चेतापेशींची रांग असते, आणि ज्या पेशीवर दोघं एकाच क्षणी येऊन थडकतात ती पेशी म्हणजेच दिशा. गव्हाणी घुबडाच्या मेंदूत जवळजवळ अशीच रचना सापडली. अंधारात नुसत्या कानावर उंदीर पकडणाऱ्या या पक्ष्याला आपल्याकडे अपशकुनी म्हणून दगड मारतात. ऐकण्याचं शास्त्र मात्र त्याचं देणं लागतं. माणसासह सस्तन प्राण्यांत हेच काम वेगळ्या पद्धतीने, दोन्ही बाजूंच्या पेशीसमूहांच्या तुलनेतून होतं असं मानणारे संशोधक आहेत. तो वाद इथं सोडू.

आता मूळ गोष्ट. एकच आवाज दोन ठिकाणांहून येतो, आणि दोघांच्या वेळेतला फरक मिलिसेकंदाच्या आत असला, तर मेंदू तडजोड करतो आणि आवाज मधे कुठेतरी ठेवतो. फरक मिलिसेकंदाच्या पुढे गेला की तडजोड संपते. जो आधी आला त्याचीच दिशा खरी, मागून येणारा फक्त जाडी वाढवतो. जर्मनीत ग्योटिंगेनला हेल्मुट हास यांनी 1949 मध्ये यावर काम केलं. 10 ते 20 मिलिसेकंद मागून येणारा आवाज पहिल्याइतका मोठा वाटायला जवळपास 10 डेसिबलने वाढवावा लागतो, असं त्यांना आढळलं. मैदानावरच्या मोठ्या सभेत मागच्या खांबांवरच्या स्पीकरना मुद्दाम उशीर देतात तो याच आधारावर. आवाज डोक्यावरच्या कर्ण्यातून येतो, पण वाटतं वक्ताच बोलतोय.

ट्रकमध्ये हाच नियम उलटा बसतो. अंतरामुळे डावा स्पीकर मोकळ्या हवेत साडेचार डेसिबलने बारीक पडला असता. बॅलन्सने ते साडेचार भरून काढले तरी 2 मिलिसेकंदांची उधारी तशीच राहते. आणखी चार-पाच डेसिबल डावीकडे दिले तर गायक सरकतो खरा, पण एका ठिकाणी न बसता काचभर पसरतो. बटणाने तीव्रता बदलते. घड्याळ बदलत नाही.

इलाज म्हणजे जवळच्या स्पीकरला उशीर करणं. मधल्या किमतीच्या बऱ्याच डेकमध्ये (गाणी वाजवणाऱ्या प्लेअरमध्ये) ही सोय असते, 'टाइम अलाइनमेंट' किंवा नुसतं 'डिले' या नावाने. नसेल तर वेगळा डीएसपी, म्हणजे आवाजावर असे बदल करणारा छोटा डिजिटल डबा, जोडावा लागतो. चालकाने नेहमीसारखं टेकून बसावं, दुसऱ्याने टेपने प्रत्येक स्पीकरच्या मध्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचं अंतर मोजावं. सर्वांत लांबच्या स्पीकरला शून्य. बाकीच्यांचं अंतर त्याच्या अंतरातून वजा करून 34.5 ने भागलं की मिलिसेकंद मिळतात. आपल्या उदाहरणात उजव्याला 1.97. मग एकट्या माणसाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग मोनोमध्ये लावून 0.1 मिलिसेकंदाच्या पायरीने मागेपुढे करावं. आवाज स्टिअरिंगच्या समोर टाचणीसारखा उभा राहिला की थांबावं. तीव्रतेचा बॅलन्स त्यानंतर, आणि तोही एक-दोन डेसिबलच.

हे करण्याआधी पोलॅरिटी, म्हणजे तारांचे प्लस-मायनस, तपासली नाही तर सगळी मेहनत वाया जाते. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या तर एकाचा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, खालचे सूर एकमेकांना मारतात आणि बोलणाऱ्याचा आवाज डोक्याच्या मागे गेल्यासारखा वाटतो. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असताना कोन बाहेर यायला हवा. खालचे सूर अडवणारा कपॅसिटर (तो पुढे येतो) लावण्यापूर्वीच ही चाचणी करावी.

काचेचा प्रश्न वेगळा आहे. डॅशमधला स्पीकर वर तोंड करून असेल तर थेट आवाजाच्या मागोमाग काचेवरून परतलेला आवाज येतो. परतीची वाट 20 सेंटिमीटरने लांब असेल तर 860 हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांच्या उलट पडतात आणि तिथं खड्डा तयार होतो. पुढचा खड्डा त्याच्या तिप्पट, 2600 च्या जवळ. हा खड्डा इक्वलायझरने भरत नाही, कारण थेट आवाज वाढवला की परतीचाही तेवढाच वाढतो. स्पीकरखाली पाचर घालून तोंड काचेऐवजी समोरच्या सीटकडे वळवलं तर फरक पडतो. जाळीवर मखमल, जाड रेक्झिन किंवा झालर नको. देवाच्या मूर्तीला जागा द्यावी, पण जाळी सोडून.

साडेतीन इंची स्पीकरकडून बेस मागू नये, यामागे साधी भूमिती आहे. त्याचा कोन सुमारे 40 चौरस सेंटिमीटरचा, साडेसहा इंचीचा 130 च्या आसपास. तेवढीच हवा ढकलायला छोट्याला सव्वातीन पट जास्त हलावं लागतं. शिवाय सूर एक सप्तक खाली गेला की त्याच तीव्रतेसाठी कोनाची हालचाल चौपट होते. 200 हर्ट्झवर अर्धा मिलिमीटर हलणाऱ्याने 50 वर 8 मिलिमीटर हलायला हवं. तो हलत नाही, फडफडतो आणि कॉइल घासून बसतो. म्हणून डॅशच्या प्रत्येक स्पीकरच्या प्लस तारेत एक बायपोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर घालावा. 4 ओहमला 200 मायक्रोफॅरडने 200 हर्ट्झच्या आसपास गाळणी बसते. बाजारात 220 सहज मिळतो, तो 180 वर बसतो. बायपोलर मिळत नसेल तर 470 चे दोन साधे इलेक्ट्रोलिटिक मायनसला मायनस जोडून सुमारे 235 चं काम भागतं. एकच साधा लावला तर तो उलट्या दाबाने फुगतो. डेकमध्ये हाय-पास (खालचे सूर गाळायची सोय) असेल तर कपॅसिटर नकोच.

डॅशच्या तारा दाराच्या तारांनाच जोडून टाकण्याची पद्धत सर्रास आहे. गाळणीच्या वरच्या सगळ्या सुरांसाठी ते दोन 4 ओहमचे स्पीकर मिळून 2 ओहम होतात. डेकचा अॅम्प्लिफायर दुपारच्या उन्हात तापतो आणि बंद पडतो, संध्याकाळी पुन्हा ठीक. 'डेक लूज आहे' म्हणून तो बदलला जातो. चार चॅनेलच्या डेकला पुढचे दोन चॅनेल डॅशला आणि मागचे दोन दाराला द्यावेत. मग फेडरनेच (पुढच्या-मागच्या आवाजाचं प्रमाण बदलणाऱ्या बटणाने) दोघांचं प्रमाण जमवता येतं. डॅश दारापेक्षा 3 डेसिबल तेज असेल आणि फेडर मोकळा नसेल, तर स्पीकरसोबत 1.2 ओहमचा रेझिस्टर सीरिजमध्ये आणि 10 ओहमचा समांतर, दोन्ही 10 वॅटचे वायरवाउंड, एवढ्याने काम होतं. आणि हल्लीच्या डेकच्या स्पीकरची मायनस तार ट्रकच्या बॉडीला कधीच लावू नये. दोन्ही तारांवर सिग्नल असतो.

डेकवरच्या '50 वॅट गुणिले 4' या स्टिकरचं गणित गमतीचं आहे. 14.4 व्होल्टचा वर्ग भागिले 4 ओहम बरोबर 52. हे तेव्हाच खरं, जेव्हा सूर कापून चौकोनी झालेला असतो, म्हणजे आवाज फाटलेला असतो. स्वच्छ सुरासाठी आदर्श आकडा 26, प्रत्यक्षात अठरा-वीस. स्पीकरवरचे 'पीएमपीओ' (जाहिरातीतली 'कमाल' ताकद) हजार वॅट तर कुठल्याच सूत्रात बसत नाहीत. त्यापेक्षा संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॅटवर स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा, वाचावी: 90 डेसिबलचा स्पीकर 10 वॅटवर जेवढा वाजतो तेवढा वाजायला 87 डेसिबलच्या स्पीकरला 20 लागतात. जाड चुंबक म्हणजे जास्त बेस हीही अशीच कथा. चुंबक जोरकस झालं की कोनाला लगाम घट्ट बसतो आणि कित्येकदा खालचा सूर कमीच होतो.

तारांबद्दलही तेच. सोनेरी टोकांची, दिशेचा बाण छापलेली केबल दुप्पट पैशात विकतात. 1 चौरस मिलिमीटर तांब्याची साधी दुहेरी तार 5 मीटर लांब घेतली तर येऊन-जाऊन विरोध 0.175 ओहम, आणि 4 ओहमच्या स्पीकरवर तूट 0.4 डेसिबलहून कमी. बाण कुठेही असला तरी स्पीकरमध्ये वीज दोन्ही दिशांनीच वाहते.

पैसा घालायचाच असेल तर तो पुरवठ्यावर घालावा. जड ट्रकची व्यवस्था 24 व्होल्टची असते, 12 च्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये. कारचा डेक 12 व्होल्टचा, म्हणून कित्येकदा एकाच बॅटरीवरून तार काढली जाते. डेक उत्तम चालतो, पण चार्जिंगचा प्रवाह दोन्ही बॅटऱ्यांतून सारखाच जातो आणि खर्च फक्त एकीचा होतो. ती कायम अर्धपोटी राहून तिच्या पत्र्यांवर सल्फेट धरतं, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि थोड्याच काळात दोन्ही जातात. 24 वरून 12 करणारा 10 अॅम्पिअरचा डीसी-डीसी कन्व्हर्टर डेकला पुरतो, वेगळा अॅम्प्लिफायर असेल तर 20 चा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. कन्व्हर्टर डेकच्या पाठीला चिकटवू नये, त्याची शीळ सिग्नलमध्ये घुसते. आरपीएमबरोबर चढणारी शीळ मात्र अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) असते. त्यासाठी डेक आणि अॅम्प्लिफायरची अर्थिंगची तार एकाच बोल्टवर, रंग खरवडून बसवावी.

बसवताना स्पीकरमागची पोकळी स्पंजच्या पट्टीने बंद करावी, नाहीतर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातात. स्क्रू मारण्यापूर्वी मागे हात घालून पाहावं: नव्या केबिनमध्ये तिथूनच एसीचा डक्ट आणि वायरिंगचा जुडगा जातो. ग्लू गनचा डिंक नको. उन्हात उभ्या ट्रकच्या डॅशवर तो मऊ पडतो आणि पहिल्याच खड्ड्यात स्पीकर आत जातो. कोकणच्या पावसात फिरणाऱ्या गाडीला कागदी कोनापेक्षा पॉलिप्रॉपिलिन आणि रबरी कडा बऱ्या.

एक अडचण राहतेच. हा सगळा हिशेब एका डोक्यासाठी आहे. क्लीनरला डावा स्पीकर आधीच 2 मिलिसेकंद जवळ, त्यात उजव्याला आपण दिलेले 2, म्हणजे त्याच्याकडे फरक 4 वर जातो आणि गायक त्याच्या दाराला चिकटतो. डेकमध्ये दोन सेटिंग साठवता येत असतील तर दुसऱ्यात उशीर शून्य ठेवावा, आणि रात्री चालक बदलला, नवा माणूस उंच असला, तर सीट सरकवताना टेपही काढावा.