भाडेकरू खेळ : ब्रिटिश स्पीडवे आणि त्याची हरवलेली मैदाने

पूर्व लंडनच्या कस्टम हाउस भागातील एका साध्या वसाहतीत क्रूम्ब्स रोड, ॲटकिन्सन रोड, विल्किन्सन रोड, यंग रोड आणि हॉस्किन्स क्लोज अशा नावांचे रस्ते आहेत. टॉमी क्रूम्ब्स, आर्थर ॲटकिन्सन, ब्लूई विल्किन्सन आणि जॅक यंग हे वेस्ट हॅमच्या स्पीडवे, म्हणजे मातीच्या धावपट्टीवरील मोटारसायकल शर्यतींच्या, संघातले स्वार होते, तर जॉनी हॉस्किन्स या शर्यती भरवणारे गृहस्थ होते. ज्या स्टेडियममध्ये त्यांच्या नावाचा जयघोष होत असे ते १९२८ मध्ये उभे राहिले, १९७२ मध्ये बंद झाले आणि त्याच्या जागी घरे आली. ब्रिटनमध्ये स्पीडवेची मैदाने एकामागून एक का नाहीशी झाली आणि त्यांच्या आठवणी चाहत्यांनी इतक्या निष्ठेने का जपल्या, हे समजून घ्यायचे तर या खेळाचा त्याच्या पायाखालच्या जमिनीशी काय संबंध होता हे आधी पाहावे लागते.

ऑस्ट्रेलियात १९२३ च्या डिसेंबरमध्ये न्यू साउथ वेल्समधील वेस्ट मेटलंडच्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर हॉस्किन्स यांनी मातीच्या धावपट्टीवर मोटारसायकलींच्या शर्यती घेतल्या, तेथून या खेळाची कथा सहसा सांगितली जाते. ब्रिटनमध्ये १९२७ मध्येही काही प्रयोग झाले होते. मात्र चाहते आपल्या खेळाचा जन्मदिवस मानतात तो १९ फेब्रुवारी १९२८. त्या दिवशी एपिंगच्या जंगलात, हाय बीच येथील ‘किंग्ज ओक’ या मद्यगृहामागच्या धावपट्टीवर, आयोजकांच्या अपेक्षेच्या कित्येक पट लोक लोटले. पुढच्याच वर्षी संघांच्या साखळी स्पर्धा सुरू झाल्या.

खेळाचे नियम कोणालाही पाच मिनिटांत कळावेत इतके सोपे आहेत. एका शर्यतीत चार स्वार अंडाकृती धावपट्टीला चार फेऱ्या घालतात. गाडीचे इंजिन ५०० सीसीचे, गिअर एकच, आणि ब्रेक नाहीत. त्यामुळे वळणावर मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरवून, डावा पाय जमिनीलगत ठेवून गाडी वळवावी लागते आणि विटकरी भुग्याचा फवारा कठड्यापलीकडच्या प्रेक्षकांवर उडतो. इंधन मिथेनॉल. इंजिनात मात्र अनेक दशके एरंडेलापासून बनवलेले वंगण वापरले जाई. आपल्याकडे औषधाच्या बाटलीतून ओळखीचे असलेले तेच एरंडेल तिथे जळताना असा काही गोडसर वास सोडत असे, की जुन्या चाहत्यांच्या आठवणींत स्वारांच्या नावांआधी त्या वासाचा उल्लेख येतो.

हा खेळ ज्या काळात रुजला, त्याच काळात ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतीही ब्रिटनमध्ये फोफावत होत्या. त्यांची सुरुवात १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे झाली होती आणि त्यांच्यासाठी शहरोशहरी अंडाकृती स्टेडियम बांधली जात होती. आठवड्यातली एखादी रात्र रिकामी असली की ती स्पीडवेला मिळे. लंडनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत सोमवारी विंबल्डन, मंगळवारी वेस्ट हॅम, बुधवारी न्यू क्रॉस, गुरुवारी वेम्बली आणि शुक्रवारी हॅरिंगे अशा रात्री ठरलेल्या होत्या. हाती थोडे पैसे आणि अंगात उत्साह असलेला चाहता आठवडाभर रोज नव्या मैदानावर जाऊ शकत असे. या वैभवातच पुढच्या संकटाचे बीज होते, असे मला वाटते. स्पीडवे बहुतेक ठिकाणी भाडेकरू होता, आणि घरमालकाचा धंदा बसला की भाडेकरूलाही घर सोडावे लागते.

तशी वेळ दोन टप्प्यांत आली. पन्नाशीच्या दशकात करमणूक कराचा बोजा आणि घरोघरी पोहोचलेला टेलिव्हिजन यांमुळे प्रेक्षक घटले. वेम्बलीचे सर्वेसर्वा सर आर्थर एल्विन फेब्रुवारी १९५७ मध्ये वारले आणि त्यापाठोपाठ तिथला नामांकित संघच गुंडाळला गेला, जरी १९३६ पासून चालत आलेली जागतिक अंतिम स्पर्धा १९८१ पर्यंत अधूनमधून त्या मैदानावर होत राहिली. शेवटच्या वेळीही तिला ९०,००० हून अधिक लोक हजर होते. दुसरा टप्पा अधिक खोलवर परिणाम करणारा ठरला. १९६१ मध्ये गल्लोगल्ली पैज लावण्याची कायदेशीर दुकाने उघडली, त्यामुळे पैज लावण्यासाठी स्टेडियमपर्यंत जाण्याचे कारण उरले नाही. कुत्र्यांच्या शर्यतींचे उत्पन्न ओसरत गेले, शहरांतील जमिनीचे भाव मात्र चढत गेले, आणि मालकांना मैदान चालवण्यापेक्षा विकणे फायद्याचे वाटू लागले.

मग यादी वाढतच गेली. न्यू क्रॉसची चिमुकली धावपट्टी १९६३ मध्ये शांत झाली, नॉरिचमधील फर्स स्टेडियम १९६४ मध्ये, क्रॅडली हीथचे डडली वुड १९९५ मध्ये, एक्सेटरचे काउंटी ग्राउंड २००५ मध्ये. हॅरिंगेच्या जागी सुपरमार्केट आले, तर हॅकनीचे मैदान २०१२ च्या ऑलिंपिकच्या परिसरात विरून गेले.

या सगळ्यांत मँचेस्टरच्या हाइड रोडचे जाणे चाहत्यांना सर्वाधिक जिव्हारी लागले, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. बेल व्ह्यूच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारातले हे मैदान १९२९ पासून स्पीडवेचे हक्काचे होते. त्याचे छत, त्याची रुंद वळणे, पीटर क्रेव्हन, इव्हान मॉगर आणि पीटर कॉलिन्स यांसारखे जगज्जेते, हे सारे एकाच जागेशी जोडलेले होते. १९८७ मध्ये ते विकले गेले आणि संघाला जवळच्याच कर्कमनशुल्म लेनवरील कुत्र्यांच्या स्टेडियममध्ये आसरा घ्यावा लागला. योगायोग असा, की १९२८ मध्ये बेल व्ह्यूच्या पहिल्या शर्यती त्याच स्टेडियमात झाल्या होत्या. स्वतःचे घर बांधलेला संघ साठ वर्षांनी पुन्हा भाड्याच्या घरात आला, आणि खास स्पीडवेसाठी बांधलेले नवे राष्ट्रीय स्टेडियम त्याला मिळायला २०१६ साल उजाडले.

मैदाने गेली तरी त्यांची नोंद राहिली, याचे श्रेय प्रेक्षकांच्या एका सवयीला आहे. प्रवेशद्वारावर मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक शर्यतीपुढे रिकामे चौकोन असत आणि प्रेक्षक पेन्सिलीने त्यांत गुण भरत: पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला शून्य. कोण पडला, कोणाची गाडी बंद पडली, विजेत्याने किती वेळ घेतला, हेही समासात लिहिले जाई. पावसात भिजलेल्या, भुग्याचे डाग पडलेल्या अशा पत्रिका घरोघरी पेट्यांत जपल्या गेल्या. त्यांच्या जोडीला लोकरी गळपट्टे आणि मीनाकामाचे बिल्ले असत. बिल्ल्याखाली दर हंगामाला त्या वर्षाची एक छोटी पट्टी अडकवली जाई, त्यामुळे कोण किती वर्षे येत आहे हे कोटाकडे पाहूनच कळे. बंद पडलेल्या संघांचा इतिहास आज लिहिला जातो तो बऱ्याच अंशी या पेन्सिलीच्या आकड्यांवरून, आणि माझ्या मते कोणत्याही खेळाच्या प्रेक्षकांनी आपल्या खेळाची केलेली ही फार मोठी सेवा आहे.

अलीकडच्या काळात चाहते केवळ आठवणी जपून थांबलेले नाहीत. ऑक्सफर्डमध्ये २००७ नंतर बंद असलेला स्पीडवे २०२२ मध्ये परत आला. कॉव्हेंट्रीजवळच्या ब्रँडन स्टेडियमची लढाई याहून कठीण ठरली. १९२८ पासूनच्या या मैदानावर २०१६ चा हंगाम शेवटचा ठरला. त्यानंतर तिथे नासधूस झाली, आगी लागल्या आणि उभ्या राहिलेल्या सांगाड्याच्या जागी घरे बांधण्याचा प्रस्ताव आला. जवळच्या रग्बी शहराच्या स्थानिक परिषदेने तो २०२२ मध्ये नाकारला. विकासकाच्या अपिलावर सार्वजनिक सुनावणी झाली तेव्हा चाहत्यांच्या गटाने तिथे रीतसर बाजू मांडली, आणि २०२४ च्या सुरुवातीला ते अपीलही फेटाळले गेले. जमीन मात्र खासगी मालकीचीच आहे, आणि २०१६ नंतर तिथे एकही शर्यत झालेली नाही.