पाल्मा : नदी हलवलेलं शहर

स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या पाल्मा शहरात फिरणारे बहुतेक पर्यटक पासेच देल बोर्न या झाडीच्या रस्त्यावर कॉफी पितात. बसलेले असतात ते नदीच्या पात्रात. सा रिएरा नावाची ही नदी जुन्या शहराचे सरळ दोन भाग करायची, वरची वस्ती आणि खालची वस्ती. 1403 च्या ऑक्टोबरात तिला असा पूर आला की सुमारे 5000 माणसं दगावली असं सांगतात. तरीही नदी शहराच्या तटबंदीबाहेर वळवायला 1613 साल उजाडलं. मोकळं झालेलं पात्र पुढे बोर्न आणि ला राम्ब्ला हे रस्ते झाले.

त्याआधीचं शहर अरबांचं, मदिना मयुर्का. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला कोर्दोबाच्या अमिरातीने, म्हणजे स्पेनमधल्या मुसलमानी राज्याने, बेट घेतलं आणि सव्वातीनशे वर्षं मुसलमानी राजवट टिकली. 31 डिसेंबर 1229 रोजी आरागॉन या ख्रिस्ती राज्याचा राजा पहिला जाउमे शहर जिंकून आत शिरला. तो दिवस पाल्मा अजून साजरा करते. मोठ्या मशिदीच्या जागी ला सेऊ हे कॅथेड्रल उभं राहिलं. त्याचं काम सतराव्या शतकापर्यंत रेंगाळलं. 1904 पासून दहा वर्षं वास्तुकार गौदीने आतली मांडणी बदलली. मधोमध असलेली गायकवृंदाची बैठक काढून त्याने सभागृह मोकळं केलं. शेजारचा अल्मुदाइना राजवाडा मूळचा अरबांचा किल्ला. एक लहानसं अरबी हमामखानाही शिल्लक आहे. एवढ्या मोठ्या शहराचं एवढंच उरलं, हे मला तरी कॅथेड्रलच्या भव्यतेपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

खालच्या वस्तीत समुद्राजवळ सा योत्जा, म्हणजे व्यापाऱ्यांचा बाजार. वास्तुकार गियेम साग्रेराने 1426 मध्ये त्याचं काम हाती घेतलं. आतले पिळदार खांब बघण्यासारखे आहेत.

वरच्या वस्तीतली ज्यूंची कहाणी मात्र घाईने सांगता येत नाही. 1391 च्या दंगलीत ज्यू मोहल्ला लुटला गेला आणि 1435 मध्ये उरलेल्यांना ख्रिस्ती व्हावं लागलं. धर्म बदलला, संशय गेला नाही. 1691 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयाने, अनेकांना ठार केलं, तिघांना जिवंत जाळलं. या धर्मांतरित ज्यूंच्या वंशजांना ‘शुएता’ म्हणत. पंधरा आडनावं एवढीच त्यांची ओळख होती, पण तेवढी पुरेशी होती. बाहेरचे लोक त्यांच्याशी सोयरीक करत नसत, आणि हे विसाव्या शतकापर्यंत चाललं. सोन्याचांदीचा धंदा बराचसा त्यांच्याच हातात होता. सांता एउलालिया चर्चजवळची आर्जेन्तेरिया, म्हणजे चांदीकामाची गल्ली, त्याच धंद्याची.

जमिनीकडचा तट विसाव्या शतकाच्या आरंभी पाडायला घेतला. त्या रेषेवर आता रुंद रस्ते आहेत. समुद्राकडचा तट वाचला. तटाच्या आतल्या घरांना पुढे पर्यटनामुळे इतकी मागणी आली की 2018 मध्ये नगरपालिकेने फ्लॅट पर्यटकांना भाड्याने देण्यावर बंदीच घातली.