कृष्णधवल फोटो काढायला येताय? आधी हे वाचून घ्या

फोटो तयार करून हातात दिला की आमच्या दुकानात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य एकच आहे. "भाऊ, इकडच्या बाजूनं अंधार कायले ठेवला?" आणि त्याच्या मागोमाग दुसरं येतं, "थोडा गोरा करून द्या ना." दोन्ही प्रश्न मनापासून विचारलेले असतात. पण त्या वेळी काउंटरवर गर्दी असते आणि नीट उत्तर देणं होत नाही. म्हणून हे पत्रक. फोटोच्या आधी घरी निवांत वाचा आणि ज्यांचा फोटो काढायचा आहे त्यांनाही वाचून दाखवा.

अंधार का ठेवतो

शेणानं सारवलेली भिंत आठवून पाहा. भर दुपारी समोरून उजेड पडला की ती सपाट दिसते. तीच भिंत दिवस कलताना पाहा. ऊन तिरपं येतं आणि सारवणाऱ्या बाईच्या बोटांचे फेर एकेक करून उठून दिसतात. भिंत तीच असते, फक्त उजेड बाजूनं आलेला असतो.

चेहऱ्याचंही तसंच. रंगीत फोटोत ओठ लाल, लुगडं हिरवं, भिंत निळी, त्यामुळे रंगावरूनच एक वस्तू दुसरीपासून वेगळी कळते. कृष्णधवल फोटोत रंग गेला की उरतं ते फक्त कमी-जास्त उजळपण. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्याच्या जितक्या पायऱ्या, तितकीच भाषा आमच्या हातात. नाकाची उंची, गालाचा उतार, कपाळावरच्या आठ्या हे सगळं त्या पायऱ्यांतूनच सांगायचं असतं. दोन्ही गालांवर सारखा उजेड टाकला तर पायऱ्या मिटतात आणि चेहरा ताटासारखा सपाट होतो. पासपोर्टच्या फोटोला तसा सारखाच उजेड लागतो, कारण तिथं फक्त ओळख पटवायची असते. घराच्या भिंतीवर लावायचा फोटो वेगळा.

आम्ही बहुतेक वेळा उजेड एका बाजूनं आणि डोळ्यांच्या थोडा वरून घेतो. नाकाची सावली तिरपी पडते, गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि सावलीतल्या डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा तिकोन उरतो. हॉलंडचा चित्रकार रेम्ब्रांट याच्या 17व्या शतकातल्या चित्रांत असा उजेड दिसतो, म्हणून फोटोग्राफर याला रेम्ब्रांट लाइटिंग म्हणतात. तो तिकोन दिसला की समजा, त्या बाजूचा अंधार चुकून राहिलेला नाही. आणि अंधार म्हणजे काळी शाई नव्हे. सावलीतही कान, केस, गालाची रेघ दिसलीच पाहिजे. ती दिसत नसेल तर चूक आमची. फोटो परत आणा, आम्ही पुन्हा काढून देऊ.

स्टुडिओपेक्षा छपरी बरी

आमच्याकडे दिवे आहेत, उजेड मऊ करणाऱ्या छत्र्या आहेत, मागचे पडदे आहेत. तरी म्हाताऱ्या माणसांचा फोटो शक्यतो त्यांच्याच घरच्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत काढावा, असं आमचं मत आहे.

सूर्य केवढाही मोठा असला तरी इतका लांब आहे की आपल्याला तो टिकलीएवढाच दिसतो. छोट्या दिव्याची सावली धारदार पडते, तशीच उन्हातलीही. त्यात आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस सूर्य वर्ध्यात बरोब्बर माथ्यावर येतो. त्या दिवशी दुपारी उभ्या माणसाची सावली पायाखालीच राहते. अशा उन्हात काढलेल्या फोटोत भुवयांखाली दोन खड्डे आणि नाकाखाली काळा डाग, एवढंच दिसतं. छपरीत मात्र ऊन थेट येत नाही. समोरच्या मोकळ्या आभाळाचा आणि अंगणाचा उजेड आत येतो, म्हणजे छपरीचं सगळं तोंडच एक मोठा दिवा होतं. मोठ्या दिव्याची सावली मऊ. कुठं संपली हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

माणूस छपरीच्या कडेला जितका जवळ बसेल तितका चेहरा उजळतो आणि मागची भिंत आपोआप काळोखात जाते. त्यामुळे मागं टांगलेल्या पिशव्या, कॅलेंडर, मीटरचा डबा यांची काळजी करू नका. एका बाजूला आम्ही कधी पांढरी चादर धरायला सांगतो. तिच्यावरून परतलेला उजेड सावलीत शिरतो आणि ती हलकी होते. कधी काळं घोंगडं धरतो, तेव्हा सावली गडद होते. घरातलं कुणी तरी हे धरायला तयार ठेवा. लहान पोरं फार मनापासून धरतात.

पावसाळ्यात ढगाळ दिवस असेल तर वेळेचं बंधन नाही. उन्हाळ्यात मात्र साडेनऊच्या आत किंवा साडेपाचनंतर.

आमच्या हातून झालेला सर्वांत चांगला उजेड मात्र आम्ही केलेला नव्हता. डिसेंबरात एका शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. चांगला भाव येण्याची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवलेला, पुढच्या खोलीत छातीपर्यंत ढीग. बसायला जागा नव्हती म्हणून आजीला त्या ढिगापाशीच पिढ्यावर बसवलं. दारातून आलेला उजेड कापसावर पडून खालून-बाजूनं तिच्या चेहऱ्यावर येत होता. हनुवटीखालची, डोळ्यांखालची सावली इतकी हळुवार झाली होती की स्टुडिओत दहा छत्र्या लावून तसं जमलं नसतं. घरात कापूस असेल त्या दिवसांत आम्हाला जरूर बोलवा.

सावळ्या रंगाविषयी, स्पष्टपणे

"गोरा करा" या मागणीबद्दल आम्ही पुष्कळ विचार केला आहे.

गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावलीतून कळतो. सावळ्या चेहऱ्याचा आकार उजळ जागांतून, कपाळावरच्या, गालाच्या हाडावरच्या, नाकाच्या शेंड्यावरच्या चमकेतून कळतो. म्हणून सावळ्या माणसावर जास्त उजेड ओतून काही साधत नाही. मोठा, मऊ उजेड बाजूनं आणला की त्वचा तो परत देते आणि चेहरा कोरल्यासारखा उभा राहतो. उन्हात वावरात राबलेल्या चेहऱ्यासारखा चेहरा कृष्णधवल फोटोला दुसरा मिळत नाही, असं आम्ही विकण्यासाठी म्हणत नाही. वर्षानुवर्षं फोटो काढून हे आम्हाला दिसलं आहे.

मग असे फोटो बिघडतात का? कारण कॅमेऱ्याला माणूस कळत नाही. समोर जे येईल ते सरासरी करड्या रंगाचं असावं, असं धरून तो उजेड मोजतो. त्या करड्याला आमच्या धंद्यात 18 टक्के करडा म्हणतात, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी 18 टक्के परत पाठवणारा. चौकटभर काळोखी भिंत असली की कॅमेरा फोटो उगाच उजळतो आणि चेहरा फिका राखेसारखा होतो. मागं फुटलेल्या कापसाचं पांढरं वावर असलं की उलटं होतं. कॅमेरा सगळंच दाबतो आणि माणूस काळा ठिक्कर पडतो. घरच्यांना वाटतं, "आमचा रंगच तसा." रंगाचा दोष नसतो, मोजणारा चुकलेला असतो. आम्ही उजेड चेहऱ्यावर मोजतो, वावरावर नाही.

कॉम्प्युटरवर गोरं करणं आम्हाला येतं. खरं म्हणजे ते फार सोपं आहे. डिजिटल फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर असतात. त्यातला लाल थर वाढवून कृष्णधवल केलं की कुणाचीही त्वचा दोन पायऱ्या उजळते, डाग पुसले जातात. निळा थर वाढवला की त्वचा गडद होते आणि प्रत्येक डाग ओरडून पुढं येतो. आम्ही मधलं प्रमाण धरतो. लग्नाच्या बायोडाट्यासाठी फोटो हवा असेल तर चांगल्यात चांगल्या उजेडात बसवू, डोळ्यांत तेज आणू, पण रंग बदलणार नाही. पाहुणे उद्या घरी येऊन प्रत्यक्षच पाहणार आहेत, आणि मुलीला किंवा मुलाला स्वतःच्याच फोटोपुढं कमी वाटू नये.

कुंकू कुठं गेलं?

तीन थरांची ही गोष्ट एका ठिकाणी फार महत्त्वाची ठरते. मोबाइलवरच्या काही कृष्णधवल फिल्टरांत लाल थराचं वजन जास्त असतं. मग त्वचाही उजळते आणि लाल कुंकूही तितकंच उजळतं. दोन्ही एका पायरीवर आले की कपाळावरचं कुंकू दिसेनासं होतं. कुंकवाशिवाय आलेला आपलाच फोटो पाहून एका बाईंचे डोळे भरलेले आम्ही पाहिले आहेत. तेव्हापासून कुंकू, टिकली आणि मळवट आम्ही वेगळं तपासतो.

तुमच्या घरातल्या फार जुन्या फोटोत आजीचं कुंकू ठळक काळं दिसत असेल. पूर्वी फोटो काचेवर नाहीतर फिल्मवर उतरवत. त्यातल्या ज्या काचांना आणि फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यांच्यावर लाल ते काळं उतरत असे. लाल रंगही टिपणारी काच 1906 साली बाजारात आली, पण जुन्या प्रकारची फिल्म पुढंही बरीच वर्षं वापरात होती. म्हणून जुना फोटो नवा करायला द्याल तेव्हा तो काळा ठिपका डाग समजून पुसायला सांगू नका.

काय घालून यावं

लाल लुगडं आणि हिरवी चोळी डोळ्यांना किती वेगळी दिसतात, पण कृष्णधवल फोटोत दोन्ही बहुधा एकाच करड्याची होतात आणि काठ हरवतात. त्यापेक्षा एक गडद, एक फिकं असं घाला. पांढरी टोपी, पांढरं धोतर जरूर असू द्या, फक्त निळीत बुडवून कडक पांढरं केलेलं नको. रोजच्या वापरातलं मऊ झालेलं सुती कापड फार सुंदर उतरतं. खांद्यावर दुपट्टा नेहमी असतो ना, मग फोटोतही असू द्या.

चेहऱ्याला पावडर लावू नका, ही आमची कळकळीची विनंती. पावडर सगळ्या पायऱ्या पुसून टाकते आणि गळा वेगळा, चेहरा वेगळा दिसतो. केसांना तेल चालतं. चश्मा रोजचा असेल तर घालूनच बसा. काड्या कानावर जराशा उचलल्या की काचेतली चमक जाते.

सेवाग्रामचा दाखला

इथून जवळच सेवाग्राम आहे. 1936 साली गांधीजी तिथं राहायला आले. त्यांच्याच नात्यातले कनू गांधी यांनी आश्रमातले त्यांचे फोटो काढले. बापूंनी परवानगी दिली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम त्याचा खर्च उचलणार नाही. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, दारा-खिडकीतून येईल तेवढाच उजेड. पहिल्या दोन अटींमुळे त्या फोटोंचं काही बिघडलं असं आम्हाला वाटत नाही, उलट माणूस आपल्या कामात असताना जसा दिसतो तसा दिसला. घरी येऊन फोटो काढताना या दोन अटी आम्हीही पाळतो. आबाजी सुपारी कातरत असतील तर कातरू द्या. "सरळ बसा, हसा" असं घरच्यांनी मागून ओरडू नये.

तेरवीच्या आधी येणारं गिऱ्हाईक

हे लिहिताना जड जातं, पण लिहायलाच हवं. माणूस गेल्यावर घरचे आमच्याकडे येतात ते आधार कार्ड घेऊन, नाहीतर लग्नातला गर्दीचा फोटो घेऊन, ज्यात बाबा चौथ्या रांगेत नखाएवढे असतात. तेरवीला मोठा फोटो हवा असतो. 8 बाय 10 इंचाचा स्वच्छ फोटो छापायला साधारण 2400 बाय 3000 ठिपके लागतात. कार्डावरच्या चेहऱ्यात त्याचा अगदी थोडा भाग असतो. उरलेलं कॉम्प्युटर अंदाजानं भरतो, आणि मग मुलगा फोटोकडं पाहून म्हणतो, "हे आमचे बाबा नाही वाटत." त्याचं खरं असतं. आमच्याजवळ तेव्हा उपाय नसतो.

फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं काही घरांत अजून मानतात. त्या मनाला आम्ही दुखावत नाही. एवढंच सुचवतो की सण, नातवाचं बारसं, पोळा असं काही निमित्त धरा आणि त्या दिवशी घरातल्या मोठ्यांचा एकेकट्याचा फोटो काढून घ्या. मोबाइलवर काढला तरी चालेल: छपरीत, उजेड बाजूनं, माणसापासून चार-पाच पावलं लांब उभं राहून. अगदी जवळ गेलं की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. आणि आमच्याकडे पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो.

छपाई आणि फ्रेम

रंगीत फोटोच्या कागदावर छापलेल्या कृष्णधवल फोटोला कधी हिरवट, कधी जांभळट झाक येते. मोठे फोटो आम्ही म्हणून मॅट म्हणजे न चमकणाऱ्या कागदावर, रंगाचे बारीक कण असलेल्या पिगमेंट शाईनं छापतो. थोडे महाग पडतात, दर दुकानात लावलेले आहेत. काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्याच, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो आणि काढताना चेहऱ्याचा तुकडा काचेवर राहतो. ओल्या फुलांचा हार फ्रेमच्या फटीला टेकू देऊ नका. गंध काचेवर लावा आणि कोरड्या कापडानं पुसा. पाणी खालच्या कडेतून आत जातं.

छपरीतल्या फोटोसाठी सकाळी सात ते साडेनऊ ही वेळ आम्ही राखून ठेवली आहे. आदल्या दिवशी सांगा आणि घराचं तोंड कोणत्या दिशेला आहे तेवढं कळवा. म्हाताऱ्या माणसाला गाडीवर बसवून दुकानात आणू नका, आम्हीच येतो.