ड्राइव्हशाफ्ट बदलायचा की अ‍ॅक्सल?

ड्राइव्हशाफ्ट आणि अ‍ॅक्सल यांच्या नावांतल्या घोळाचं मूळ आपल्या गॅरेजमध्येच आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मारुतीत चाक फिरवणाऱ्या दांड्याला मेकॅनिक ‘ड्राइव्ह शाफ्ट’ म्हणतो, आणि जीप-ट्रकमध्ये गिअरबॉक्सकडून मागे जाणारा तो ‘प्रोपेलर’. त्यामुळे अमेरिकेतल्या गार्डन ट्रॅक्टर पुलिंगमध्ये, म्हणजे छोट्या ट्रॅक्टरने वजनाचा स्लेज (घसरगाडा) ओढण्याच्या स्पर्धेत, कुणी ‘ड्राइव्हशाफ्ट जाड केला’ म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर चाकाचा अ‍ॅक्सल येतो. तिथे तो भलताच भाग असतो.

इंटरनॅशनल हार्वेस्टरचा जुना कब कॅडेट घ्या. गवत कापायला बनवलेला हा छोटा ट्रॅक्टर या खेळात फार लाडका. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या अ‍ॅक्सलला चिकटून, आणि दोघांना जोडणारी 5/8 इंचाची, म्हणजे जेमतेम 16 मिलिमीटरची सळई. हाच ड्राइव्हशाफ्ट. क्लचही याच सळईवर बसतो. क्लच जुळला की ती थेट इंजिनच्या वेगाने फिरते, मिनिटाला 3600 फेरे. अ‍ॅक्सल गिअरच्या पलीकडे असतो, सावकाश फिरतो आणि पिळवटून निघतो.

किती पिळवटतो? 3600 फेऱ्यांना 16 अश्वशक्ती देणारं कोहलर इंजिन सळईवर साधारण 32 न्यूटन-मीटर पीळ टाकतं. आता मागचं टोक पाहा. 1050 पौंड वजनगटातला ट्रॅक्टर, पुढची चाकं उचललेली, म्हणजे सगळं वजन मागे. टायर 23 इंची, आणि मातीवरची पकड वजनाइतकीच धरली, तर दोन्ही अ‍ॅक्सलवर मिळून 1350 न्यूटन-मीटरच्या आसपास जातात. मागचा स्लेज हुकवर जो खाली दाब देतो, तो यात धरलेलाच नाही. त्यात डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) लॉक केलेला असला आणि एकच चाक रुतलं, तर जवळपास सगळा पीळ एका दांड्यावर.

म्हणून दोघांचे रोग वेगळे. अ‍ॅक्सलवर किती पीळ येणार हे टायरची पकड आणि वजन ठरवतात. सळईवरचा पीळ क्लच किती घट्ट धरतो त्यावर. इंजिन जोरात फिरत असताना क्लच झटक्यात सोडला, की फ्लायव्हीलमध्ये (इंजिनच्या जड चाकात) साठलेला जोरही सळईवर येतो, आणि 32 चा हिशेब संपतो. क्लचची स्प्रिंग कडक केली आणि सळई तशीच ठेवली, तर पहिला बळी सळई गिअरबॉक्सला जोडणाऱ्या मागच्या कपलिंगमधली पोकळ पिन. नाहीतर सळईतलं पिनचं भोकच लांबट होतं.

उपाय सोपा वाटतो: 5/8 ऐवजी 3/4 इंचाची सळई. व्यास 20 टक्के वाढला, पण पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे जवळपास 73 टक्के. सौदा उत्तम. पण सळई वेगाने फिरणारी आहे हे विसरू नका. गव्हर्नर (इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारा भाग) काढून फेरे वाढवले आणि सळई किंचित जरी वाकडी असली, तर ती मधोमध फुगून थरथरते, बेअरिंग खाते. लेथवर सरळपणा तपासणं आणि दोन्ही टोकं एका रेषेत बसवणं जाडीइतकंच महत्त्वाचं. वर पोलादी गार्ड हवाच; ही सळई चालकाच्या दोन पायांमधून जाते.

अ‍ॅक्सलला असली नाजूक काळजी लागत नाही. तिथे चांगलं पोलाद, योग्य उष्णतासंस्कार आणि जाडी, बस्स. एक जुनी युक्ती मात्र दोघांनाही लागू: दांड्यावर लांबीने रंगाची सरळ रेघ मारून ठेवायची. दोन-चार वेळा स्लेज ओढल्यावर रेघ मळसूत्रासारखी वळलेली दिसली, तर दांडा कायमचा पिळला गेलाय. तुटायची वाट पाहू नका.

आणि पोकळ पिन काढून भरीव टणक पिन ठोकायची घाई नको. ती स्वस्त पिन नकळत फ्यूजचं काम करत असते. ती तुटायची थांबली, की पुढचा तुटणारा भाग गिअरबॉक्सच्या आत असतो, आणि तो उघडायला अख्खा मागचा भाग उतरवावा लागतो.